एबी रोडवाल्यांच्याच ओळी का सरकतात? सभासद यादीची सीएसव्ही आणि पीएचपी

सुदामानगरी (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या मराठी मंडळाची सभासद यादी एक्सेलमध्ये आहे, ती साइटच्या डेटाबेसमध्ये चढवायची आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या यंदा साइटवरूनच फाडायच्या असं कार्यकारिणीत ठरलं आणि 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. पीएचपी ८.४, मायएसक्यूएल, साधं शेअर्ड होस्टिंग.

एक्सेलमधून 'सेव्ह ॲज' करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकुराची फाइल) काढली. पीएचपीत फाइल() ने सगळ्या ओळी उचलल्या, प्रत्येक ओळ एक्सप्लोड() ने स्वल्पविरामावर तोडली, आणि तुकडे जोडून इन्सर्टची क्वेरी चालवली. रकाने असे: सभासद क्रमांक, नाव, पत्ता, पिनकोड, फोन, जन्मतारीख, शेरा.

बऱ्याच ओळी बिनबोभाट चढतात. ज्या बिघडतात त्यांचा हिशोब लागत नाही. एमआयजी, एलआयजी आणि ए. बी. रोड या इथल्या वस्त्यांत राहणाऱ्यांच्या ओळी एका रकान्याने सरकतात. पिनकोडच्या जागी पत्त्याचं शेपूट, फोनच्या जागी पिनकोड. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर मात्र जागच्या जागी. पत्त्यात कुणी स्वल्पविराम घातला असेल म्हणून एक्सेल उघडून बघितलं, तर पत्ता नुसता 'एमआयजी कॉलनी'. आणि 'रामबाग, दत्त मंदिराजवळ' असा ढळढळीत स्वल्पविराम असलेला पत्ता न मोडता जातो!

दुसरी गंमत म्हणजे जोशी, देशपांडे, देशमुख हे चढतच नाहीत. एसक्यूएलची सिंटॅक्स एरर येते. कुलकर्णी, काळे, फडके मजेत. आता आडनावाचा आणि पीएचपीचा काय संबंध?

यादी कृतीदेव ०१० मध्ये टाइप केलेली आहे. ते युनिकोडमध्ये नंतर करून घेईन, आधी रकाने तर जागेवर बसू देत.

झटपट_कोडर

स्वल्पविरामाची कटकटच नको. विंडोजच्या रीजनल सेटिंगमध्ये लिस्ट सेपरेटर अर्धविराम करा, एक्सेल अर्धविरामवाली फाइल देईल, त्यावर एक्सप्लोड करा. नाहीतर आधी अख्खी फाइल कृतीदेव कन्व्हर्टरमध्ये टाका आणि मग तोडा. दोन मिनिटांचं काम आहे, एवढं मोठं काय लिहिलंय.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

सुदामानगरी, वरचे दोन्ही उपाय करू नका. पहिल्याने निम्मी यादी फुटेल, दुसऱ्याने सगळी.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात बरीच वर्षं हिंदी टायपिंगचे वर्ग घेतले. इथे सरकारी नोकरीला बसणारी पोरं कृतीदेववरच हात बसवायची, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना माझी बोटं आपोआप हलायला लागली. पीएचपीकडे मी मागाहून वळले.

कृतीदेव हा युनिकोड फॉन्ट नव्हे. फाइलमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, इंग्रजी कीबोर्डवरची चिन्हं असतात. फॉन्ट त्यांना देवनागरी मुखवटे चढवतो. मांडणी जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरची. उजव्या हाताचं मधलं बोट खालच्या ओळीत न्या, तिथे 'ए'. आणि इंग्रजीत त्या कळीवर काय आहे? स्वल्पविराम! म्हणजे तुमच्या फाइलमध्ये 'एमआयजी'तला ए हा पीएचपीच्या लेखी अस्सल स्वल्पविराम आहे. 'एलआयजी'तला तसाच, 'ए. बी. रोड'मधलाही. 'रामबाग, दत्त मंदिराजवळ'मधला जो स्वल्पविराम तुम्हाला डोळ्यांनी दिसतो, तो कृतीदेवमध्ये बंद होणाऱ्या चौकोनी कंसाच्या कळीने येतो. पीएचपीला तो कंस दिसतो, ती त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणून रामबागवाले शाबूत.

जोश्यांचं दुखणं शेजारच्याच कळीवर आहे. उजवी करंगळी जिथे विसावते तिथे अर्धविरामावर 'य', आणि तिच्या एक घर उजवीकडे एकेरी अवतरणावर अर्धा 'श्'. जोशी, देशपांडे, देशमुख या तिघांत 'श' आहे, म्हणजे एकेरी अवतरण आहे. तुम्ही तुकडे जोडून क्वेरी करता, तेव्हा 'श' आला की मायएसक्यूएलला वाटतं मजकूर संपला. पुढचं 'पांडे' तिला अनाकलनीय. त्याच कळीवर शिफ्ट दाबलं की दुहेरी अवतरण, म्हणजे अर्धा 'ष्'. संतोष, सुभाष, वर्षा, महाराष्ट्र ही सगळी दुहेरी अवतरणवाली.

आता अर्धविराम सेपरेटर केलात तर काय होईल हे सांगायला नको. 'य' असलेलं प्रत्येक नाव मधोमध तुटेल: जयंत, विजय, उपाध्ये. 'ए' नावांमध्ये क्वचित येतो, 'य' पावलोपावली. तुमच्या यादीत ऐश्वर्या नावाची मुलगी असेल तर तिला आधी शोधून ठेवा. ऐ, श्व, र्या. स्वल्पविराम, एकेरी अवतरण आणि अर्धविराम, तिन्ही एकाच नावात. चाचणीला याहून चांगली ओळ मिळणार नाही.

आणि अख्खी फाइल आधी कन्व्हर्टरमध्ये घातलीत, तर कन्व्हर्टर प्रत्येक स्वल्पविरामाचा इमानेइतबारे 'ए' करणार. रकान्यांमधल्या सेपरेटरचासुद्धा. रिकामे रकाने असतील तिथे 'एएए' असा टाहो ऐकू येईल आणि रकाना एकच उरेल. तिथून परत मूळ यादी काढणं अशक्य. तेव्हा आधी तोडायचं, मग एकेक खाना बदलायचा.

तोडायला एक्सप्लोड नको, एफगेटसीएसव्ही() घ्या. एक्सेल या बाबतीत प्रामाणिक आहे. खान्यात स्वल्पविराम, दुहेरी अवतरण किंवा नवी ओळ असली की ते अख्ख्या खान्याला दुहेरी अवतरणात घालतं, आणि आतलं दुहेरी अवतरण दोनदा लिहितं. २००५ मध्ये आलेल्या आरएफसी ४१८० या सीएसव्हीच्या नियमपत्रात हीच रीत आहे. एक्सेलसाठीही तो 'ए' स्वल्पविरामच असल्यामुळे 'एमआयजी कॉलनी' तुमच्या फाइलमध्ये अवतरणात गुंडाळलेलीच आली आहे. एक्सप्लोडला अवतरणाचा अर्थ कळत नाही, एफगेटसीएसव्हीला कळतो. फाइल() पण सोडा. एफओपन करून एकेक ओळ वाचा, कारण पत्त्यात कुणी आल्ट-एंटर मारला असेल तर फाइल() एका सभासदाचे दोन करते.

क्वेरी पीडीओच्या (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअरने करा आणि मूल्यं वेगळी बांधा. जोशी तिथेच सुटतील. हे खरं तर कृतीदेव नसतानाही करायला हवं.

मग रूपांतर. फक्त नाव, पत्ता आणि शेरा यांचं. जन्मतारखेला हात लावू नका. कृतीदेवमध्ये तिरकी रेघ म्हणजे अर्धा 'ध्' आणि आडवी रेघ म्हणजे टिंब. १२/०५/१९६१ कन्व्हर्टरमधून काढलीत तर आकड्यांच्या मध्ये ध् ध् येऊन बसतील. ईमेलचा रकाना पुढे वाढवलात तर त्यालाही हीच सूचना, ॲटच्या चिन्हाची तिरकी रेघ होते.

यादीत सगळं कृतीदेवच असेल तर साध्या सीएसव्हीतले बाइट विंडोज-१२५२ या जुन्या अक्षरसंकेताचे असतात. एमबी_कन्व्हर्ट_एन्कोडिंगमध्ये तेच नाव द्या. इंटरनेटवरची जुनी उदाहरणं यूटीएफ८_एन्कोड वापरतात. ते फंक्शन पीएचपी ८.२ पासून मोडीत काढायच्या यादीत गेलंय, शिवाय ते बाइट आयएसओ-८८५९-१ चे आहेत असं धरून चालतं. कृतीदेवमधले १ ते ९ हे देवनागरी आकडे नेमके त्या पट्ट्यात बसवलेत जिथे विंडोज-१२५२ मध्ये चिन्हं आहेत आणि आयएसओमध्ये न दिसणारे कंट्रोल कोड. शून्य दुसरीकडे आहे, ते वाचतं. घर क्रमांक १०५ चं नुसतं ० उरलेलं मी बघितलंय.

अक्षरांचा तक्ता एसटीआरटीआर() ला द्या, एसटीआर_रिप्लेसला नको. एसटीआरटीआर सगळ्यात लांब जोडी आधी पकडतं आणि बदललेल्या मजकुराला पुन्हा शिवत नाही. 'ऐ' हा 'ए'ला मात्रा लावून बनतो, तेव्हा हा फरक लगेच जाणवतो. तक्त्यानंतर दोन कामं उरतात. पहिली वेलांटी कृतीदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, ती मागे न्यायची. रफार अक्षर आणि काना-मात्रा झाल्यावर टाइप होतो, तो पुढे आणायचा. 'वर्षा', 'कीर्ती' आणि 'विश्वनाथ' नीट आले की बरंचसं जमलं असं समजा.

झटपट_कोडर

ताई, अर्धविरामाचं माहीत नव्हतं. पण टॅबवाली फाइल काढली तर एक्सप्लोड चालेल ना? कृतीदेवमध्ये टॅब कोण टाइप करतंय.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

टॅब सेपरेटर म्हणून उत्तम. पण एक्सेल टॅबवाल्या फाइलमध्येही स्वल्पविराम आणि दुहेरी अवतरण असलेले खाने अवतरणात गुंडाळतं. एक्सप्लोड केलंत तर एमआयजीवाल्यांच्या पत्त्याला दोन्हीकडे 'ष्' चिकटेल आणि संतोषच्या पोटात 'ष्' दोनदा येईल. एफगेटसीएसव्हीला सेपरेटर म्हणून टॅब द्या, मग हरकत नाही.

सुदामानगरी (इंदूर)

ताई, कमाल आहे! आमच्याकडे यादीत ऐश्वर्या निघाली, पत्ता पुन्हा एलआयजीचा. तिची ओळ एकदम व्यवस्थित गेली. जोशी मंडळीही आली.

दोन भानगडी उरल्यात. एक, एक्सेलपेक्षा डेटाबेसमध्ये माणसं कमी भरतात. शोधलं तर एमआयजीमधल्या एका काकूंच्या पत्त्याच्या खान्यात पुढच्या कितीतरी ओळी शिरल्या आहेत. काकूंच्या घरी अर्धं मंडळ राहायला आल्यासारखं दिसतंय. एफगेटसीएसव्ही 'डेप्रिकेटेड' असा काहीतरी इशारा देतं, पण काम थांबत नाही म्हणून मी तो दाबून टाकला होता.

दोन, अलीकडे सभासद झालेल्यांची नावं 'घ्घ्घ्घ्घ्' अशी येतात. सगळ्यांची. जुनी नावं ठीक.

मांडवीकर (बडोदे)

पहिलीचं उत्तर त्या दाबलेल्या इशाऱ्यातच आहे, भाई. एफगेटसीएसव्हीला सेपरेटर आणि अवतरण याखेरीज एक पाचवा पॅरामीटर असतो, एस्केप. न दिल्यास तो उलटी तिरकी रेघ धरतो. आरएफसीत असलं काही नाही, पीएचपीचं हे स्वतःचं जुनं खूळ. अवतरणातल्या मजकुरात उलटी रेघ आली आणि तिच्या लगेच पुढे दुहेरी अवतरण आलं, तर पीएचपी म्हणते हे अवतरण संपवणारं नव्हे, आणि पुढचं अवतरण सापडेपर्यंत ओळींमागून ओळी त्याच खान्यात ओतत राहते. ८.४ पासून हा पॅरामीटर उघडपणे न दिल्यास इशारा येतो तो यासाठीच.

फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि काकूंच्या पत्त्याचा शेवट बघा. बंद होणाऱ्या अवतरणाच्या अलीकडे उलटी रेघ असणार. ती तिथे का आली हे लष्करवाली ताई सांगतील, मला रेमिंग्टन येत नाही.

उपाय सोपा आहे. पाचवा पॅरामीटर म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या. ७.४ पासून ते चालतं आणि मग पीएचपी फक्त दुहेरी अवतरणाचा नियम पाळते. दुसऱ्या पॅरामीटरला, म्हणजे लांबीला, नल द्या. आणि रकान्यांच्या नावांशी ॲरे_कम्बाइन करण्याआधी खान्यांची संख्या मोजा. संख्या जुळली नाही तर ८ पासून ते सरळ व्हॅल्यूएरर फेकतं. मोजून ओळ क्रमांकासकट वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवलंत तर असली चोरी पहिल्याच फेरीत पकडली जाते. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या, म्हणजे अर्धी यादी चढली आणि अर्धी राहिली असं होणार नाही.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

उलटी तिरकी रेघ म्हणजे कृतीदेवमधलं प्रश्नचिन्ह. काकूंचा घर नंबर ऑपरेटरला माहीत नसावा, त्याने 'एमआयजी, घर नं. ?' असं टाइप केलं असेल. 'ए'मुळे खाना अवतरणात गेला आणि प्रश्नचिन्हामुळे अवतरण बंद झालं नाही. दोन्ही एकत्र आल्याशिवाय हे घडत नाही, म्हणून एकट्या त्यांच्याकडे गर्दी.

'घ्घ्घ्'चा उलगडा त्याच्या उलट बाजूने होतो. नवीन नावं कुणीतरी मोबाइलवरून किंवा गूगलच्या कीबोर्डने टाइप करून चिकटवली आहेत, म्हणजे ती खरी युनिकोड मराठी आहे. साध्या सीएसव्हीत या अक्षरांना जागा नसते, एक्सेल प्रत्येकाच्या जागी इंग्रजी प्रश्नचिन्ह ठेवतं. आणि कृतीदेवमध्ये इंग्रजी प्रश्नचिन्हाची कळ म्हणजे अर्धा 'घ्'. कन्व्हर्टरने आपलं काम चोख केलं. त्या सीएसव्हीतून ती नावं आता परत मिळायची नाहीत, पण तुमची एक्सेल फाइल शाबूत आहे ना, तीच पुन्हा सेव्ह करा. या वेळी यादीतून 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा.

मग विंडोज-१२५२ वालं रूपांतर काढून टाका, ते आता लागणार नाही. आणि प्रत्येक खान्यासाठी आधी बघा की त्यात देवनागरी अक्षर आहे का. प्रेग_मॅचला यू हा मॉडिफायर लावून देवनागरी लिपीचा वर्ग विचारला की कळतं. असेल तर खाना तसाच ठेवा, नसेल तर तक्त्यातून काढा. ओळीवरून ठरवू नका, खान्यावरून ठरवा. नाव नवं आणि पत्ता जुना अशा ओळी हमखास असतात.

तारखेचं एक. एसटीआरटीओटाइम तिरक्या रेघेची तारीख अमेरिकन धरतं. ०५/०८/१९६० ची ८ मे होते, २५/१२/१९६० असेल तर फॉल्स. वाढदिवसाच्या शुभेच्छा भलत्याच दिवशी जातील. डेटटाइमच्या क्रिएटफ्रॉमफॉरमॅटमध्ये दिवस, महिना, वर्ष असा क्रम देऊन वाचा.

मांडवीकर (बडोदे)

यूटीएफ-८ वाली फाइल घेतलीत की सुरुवातीला बीओएमचे (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी न दिसणारी खूण) तीन बाइट येतील. ते वगळून वाचायला लागा, नाहीतर पहिल्या रकान्याचं नाव 'सभासद क्रमांक' दिसतं पण त्या नावाने शोधलं तर सापडत नाही.

शेऱ्याच्या रकान्यात कुणी शुद्ध इंग्रजीत लिहिलंय का तेही बघा. सीएसव्हीत फॉन्ट राहत नाही, त्यामुळे इंग्रजी खाना कुठला आणि कृतीदेव कुठला हे तिथे ओळखता येणार नाही. ताईंच्या चाचणीत दोन्ही सारखेच. असे खाने बरेच असतील तर सीएसव्हीचा नाद सोडून मूळ एक्सेल फाइल पीएचपीस्प्रेडशीट या लायब्ररीने वाचा. तिथे प्रत्येक खान्याचा फॉन्ट विचारता येतो. कृतीदेव असेल तरच रूपांतर.

सुदामानगरी (इंदूर)

शेऱ्यात 'आजीव' आणि 'वार्षिक' एवढंच आहे, सीएसव्हीवरच भागेल. पाचवा पॅरामीटर दिला, काकूंचं घर रिकामं झालं. माणसं एक्सेलएवढीच भरली. घ्घ्घ् गेलं.

जुन्या लँडलाइन नंबरांच्या आधीचं ०७३१ मधलं शून्य गेलंय, सगळीकडे ७३१ आहे. सरसकट शून्य लावून टाकू का? आणि कोषाध्यक्षांना दर महिन्याला यादी परत एक्सेलमध्ये हवी आहे, तिथे काही पथ्य?

लष्करवाली (ग्वाल्हेर)

सरसकट नको. ते शून्य टाइप करतानाच एक्सेलने खाल्लंय, खाना आकड्याचा होता म्हणून. ७३१ ने सुरू होणारे मोबाइल नंबरही असतात आणि शून्याविना दोन्ही दहा आकडीच दिसतात. ७३१ वाले वेगळे काढून फोन करून बघायला कुणाला तरी बसवा. आणि डेटाबेसमध्ये फोनचा रकाना व्हारकार (मजकूर) ठेवा, इंट (आकडा) नको.

मांडवीकर (बडोदे)

परत देताना फाइलच्या सुरुवातीला बीओएम लिहा, नाहीतर डबल-क्लिक केल्यावर एक्सेलला मराठी कळणार नाही आणि कोषाध्यक्षांचा फोन येईल. एफपुटसीएसव्हीलाही एस्केप म्हणून रिकामी स्ट्रिंगच द्या, त्यालाही तीच खोड आहे. बरोबर, उणे, अधिक किंवा ॲटच्या चिन्हाने सुरू होणारा खाना एक्सेल सूत्र म्हणून चालवू बघतं. साइटवरच्या फॉर्ममधून लोक स्वतः माहिती भरणार असतील तर असे खाने लिहिण्याआधी गाळा. आणि कोषाध्यक्षांनी ती फाइल उघडून नुसती सेव्ह केली तरी फोनमधलं शून्य परत जाईल, तेव्हा त्यांनी दुरुस्त केलेली सीएसव्ही परत चढवायची सोय ठेवू नका. दुरुस्त्या साइटवरच करायला लावा.